ग्लूकच्या नायिकांना लपायला जागा नसते

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी पाश्चात्त्य कंठसंगीत शिकते. अठराव्या शतकातल्या ग्लूक या संगीतकाराने ऑपेरा सुधारला असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण ऐकताना मला तो साधा आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा वाटतो. त्याच्या आल्सेस्त, इफिजेनी या ग्रीक नायिका इतक्या सद्गुणी आहेत की त्यांच्यात गायचं काय हेच कळत नाही. सुधारणा म्हणजे नेमकं काय झालं? या भूमिकांकडे कसं बघायचं? आणि पहिली आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकटीचं गाणं, कोणती घेऊ?’

कंटाळा येतो हे मोकळेपणाने लिहिलंत ते बरं झालं. रूसो ग्लूकचा चाहता होता, पण ‘आल्सेस्त’बद्दल लिहिताना त्यानेही तक्रार केली की भावनांचं वैविध्य इतकं कमी असलेला दुसरा ऑपेरा त्याला माहीत नाही, सगळं दुःख आणि भीती या दोनच भावांभोवती फिरतं. तेव्हा तुम्ही चांगल्या पंगतीत बसला आहात.

मी स्वतः गायक नाही. ऑपेराघरात गायकांकडून भूमिका बसवून घेणारा पियानोवाला, ज्याला जर्मनीत रेपेटिटर म्हणतात, ते माझं काम. वीसेक वर्षं झाली. पडदा उघडण्याआधीचे सहा-आठ आठवडे एका बंद खोलीत गायिका, मी आणि पियानो. ग्लूक मला त्या खोलीत कळला. प्रेक्षागृहात बसून ऐकताना मलाही पूर्वी डुलकी यायची.

आधी काय होतं ते पाहू, म्हणजे सुधारणेचा मुद्दा आपोआप उलगडेल. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इटालियन गंभीर ऑपेरा म्हणजे मेतास्तासिओ, व्हिएन्नाचा राजकवी. त्याच्या एकेका संहितेवर डझनावारी संगीतकारांनी संगीत रचलं. खुद्द ग्लूकचा पहिला ऑपेरा, १७४१ साली मिलानला झालेला ‘आर्तासेर्से’, त्याच्याच संहितेवर होता. यंत्रणा पक्की होती. कथा सरकायची रेसिटेटिव्हमध्ये, म्हणजे हार्प्सिकॉर्डच्या जुजबी साथीवर बोलल्यासारखं गायचं. भाव साचला की आरिया. आरियाचे तीन भाग: पहिला, मग थोडा वेगळा दुसरा, आणि मग पहिलाच पुन्हा, पण या खेपेला गायकाच्या स्वतःच्या ताना-हरकतींनी नटवलेला. ते झालं की पात्र आत जायचं आणि टाळ्या पडायच्या.

यात मुळात वाईट काही नाही. हँडेलने याच साच्यात माणसाचं काळीज उघडं करून दाखवलंय. पण नाटक म्हणून तिसऱ्या भागाची अडचण बघा. पहिल्या भागात नायिका म्हणते, मी मरायला निघाले. दुसऱ्यात म्हणते, पण लेकरांचं काय? आणि तिसऱ्यात तिला नाइलाजाने पुन्हा म्हणावं लागतं, मी मरायला निघाले. मधे जे मनात आलं ते पुसलं जातं. गाणं गोल फिरून जागेवर येतं, त्यामुळे बाईही जागेवरच राहते. आपल्याकडे संगीत नाटकात वन्स मोअर आला की असंच व्हायचं. बालगंधर्वांच्या पदाला तीन-तीनदा वन्स मोअर देणारा प्रेक्षक काही अडाणी नव्हता, गाण्याची त्याची भूक खरी होती. पण तेवढा वेळ नायिका थांबायची आणि गाणारे गंधर्व उरायचे.

आता व्हिएन्ना. ग्लूक हा काही एकांडा शिलेदार नव्हता. दरबारी रंगभूमीचा कारभारी काउंट दुरात्सो, नृत्यदिग्दर्शक आंजिओलिनी, आणि लिव्होर्नोचा संहिताकार रानिएरी दे काल्झाबिजी असे साथीदार होते. हा काल्झाबिजी म्हणजे अजब वल्ली. पॅरिसमध्ये कॅसानोव्हाबरोबर सरकारी लॉटरी चालवून आलेला, आणि ज्याच्या परंपरेला पुढे सुरुंग लावला त्या मेतास्तासिओच्या ग्रंथांची आवृत्ती आधी स्वतःच काढलेला. बदलाची हवा इटलीतही होती. आल्गारोत्तीने १७५५ साली ऑपेरावर निबंध लिहिला आणि नमुना म्हणून त्याला ‘औलिसमधली इफिजेनी’ची संहिताच जोडली. त्राएत्ताची ‘इफिजेनिया इन तौरिदे’ तर १७६३ सालीच व्हिएन्नात झाली. म्हणजे ग्लूक पॅरिसला जाऊन इफिजेनीला हात घालायच्या कितीतरी आधी ती सुधारकांची लाडकी झाली होती.

ग्रीक शोकांतिकाच का? माझं उत्तर व्यवहारी आहे. मेतास्तासिओच्या संहितांत सहा-सात पात्रं, दोन-तीन प्रेमप्रकरणं, आणि प्रत्येक गायकाच्या वाट्याला मानाप्रमाणे ठरलेल्या आरिया. ग्रीक नाटकात एकच घटना, मोजकी माणसं आणि सतत समोर उभा असलेला समूह, म्हणजे कोरस. आरियांचं वाटप मोडायचं तर मुळात कमी माणसांची गोष्ट हवी. शिवाय त्या गोष्टीच्या मध्यभागी बऱ्याचदा एक बाई असते आणि तिच्यापुढे असा पेच असतो की गाऊन सुटका नाही.

ग्लूकचा ‘ऑर्फेओ’ ५ ऑक्टोबर १७६२ ला झाला, पण तुमचा प्रश्न नायिकांचा आहे, म्हणून सरळ २६ डिसेंबर १७६७ वर येतो. ‘आल्चेस्ते’ (आल्सेस्तचंच इटालियन नाव), व्हिएन्नाचं बुर्गथिएटर. दोन वर्षांनी त्याची स्वरलिपी छापली तेव्हा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकला उद्देशून जी प्रस्तावना जोडली, ती सुधारणेचा जाहीरनामा म्हणून प्रसिद्ध आहे. सही ग्लूकची, मसुदा बहुधा काल्झाबिजीचा. त्यात म्हटलंय की गायकांच्या पोकळ अहंकाराने आणि संगीतकारांच्या भिडस्तपणाने ऑपेरात शिरलेले दोष काढायचे आहेत. संगीताने काव्याची सेवा करावी. संवाद ऐन रंगात असताना वाद्यांचा कंटाळवाणा तुकडा संपेपर्यंत नटाला ताटकळत ठेवू नये. सोयीचा स्वर सापडला म्हणून शब्दाच्या मध्यातच त्याला ताना मारत उभं करू नये. आणि पहिल्या भागाचे शब्द चार वेळा म्हणता यावेत म्हणून दुसरा भाग उरकू नये.

विद्यार्थी हे पाठ करतात आणि समजतात की सुधारणा म्हणजे काटछाट. पथ्याचं जेवण. म्हणूनच कंटाळा येतो. खरा बदल प्रस्तावनेत नाही, पहिल्या अंकात आहे, आणि तो मी तुम्हाला पायरी-पायरीने दाखवतो. फ्रेंच आवृत्ती घेतो, पॅरिस, २३ एप्रिल १७७६, कारण आज बहुतेक वेळा तीच गायली जाते.

राजा आद्मेत मरणाच्या दारात आहे. प्रजा आणि राणी आल्सेस्त अपोलोच्या देवळात येतात. देववाणी होते: राजा आज मरेल, त्याच्याजागी दुसरं कुणी मरायला तयार झालं नाही तर. ही ओळ कशी गायलीय बघा. एकाच स्वरावर, हलत नाही, डुलत नाही, खाली ट्रॉम्बोन. अंगावर काटा येतो तो त्या न हलण्याने. पुढे मोझार्टने ‘इदोमेनेओ’त देववाणीला ट्रॉम्बोन दिले ते हेच डोक्यात ठेवून. मग सन्नाटा. मग समूह हळूहळू कुजबुजतो, पळा, इथे आता काही आशा नाही, आणि रंगमंच रिकामा होतो. राजावर जीव ओवाळून टाकणारी प्रजा पाय लावून पळून गेलेली आहे. कुणी तिला उपदेश केलेला नाही, कुणी काही मागितलेलं नाही. उरते एकटी बाई आणि रिकामं देऊळ.

इथे जुन्या पद्धतीचा संगीतकार एक भलीमोठी आरिया देऊन मोकळा झाला असता. ग्लूक काय करतो? रेसिटेटिव्ह, पण हार्प्सिकॉर्डवर नाही, पूर्ण ऑर्केस्ट्रावर. ‘कुठे आहे मी?’ इथून सुरू होतं आणि त्याच्या आतच तिचा निर्णय होऊन जातो. मग आरिया ‘नों, स ने प्वँ अं साक्रिफिस’: नाही, हा त्याग नाहीच. ती शांतपणे म्हणते की तुझ्यावाचून मला जगायचंच नव्हतं. तेवढ्यात मुलं आठवतात. चाल तुटते, लय बदलते, आवाज वर चढतो. मग ती पुन्हा पहिल्या ओळीवर येते. शब्द तेच आहेत, स्वरही जवळपास तेच आहेत, पण मुलं आठवून गेलेल्या बाईने म्हटलेलं ‘हा त्याग नाही’ हे वाक्य आता अगदी वेगळं आहे. पुनरावृत्ती ग्लूकने टाकून दिलेली नाही. तिला किंमत मोजायला लावली आहे. मला विचाराल तर सुधारणा ही एवढीच, आणि ती फार मोठी आहे.

मग मुख्य पुजारी येऊन सांगतो, देवांनी स्वीकारलं. आणि ती पाताळदेवतांना उद्देशून गाते, ‘दिव्हिनिते द्यु स्तीक्स’, स्टिक्स नदीच्या देवतांनो, मी तुमची दया मागणार नाही. ट्रॉम्बोन गर्जतात. ही आरिया मैफिलींत एकटी गाऊन गाऊन तिचा पार पोवाडा झाला आहे, प्रत्येक धिप्पाड आवाजाला ती हवी असते. पण मधला संथ भाग ऐका, जिथे ती म्हणते की प्रिय माणसासाठी मरणं ही किती स्वाभाविक गोष्ट. तिथे आवाज खाली येतो, स्वतःशी बोलल्यासारखा. ती देवतांना दटावते आहे ते तिला भीती वाटत नाही म्हणून नव्हे. भीती वाटते म्हणूनच इतक्या मोठ्याने बोलते आहे. ज्या गायिकेने हे धरलं तिची आल्सेस्त उभी राहते, बाकीच्यांची नुसती गाजते.

जाता जाता एक तांत्रिक गोष्ट. मूळ इटालियनमध्ये या आरियाची सुरुवात ‘ओंब्रे, लार्वे’ अशी आहे, सावल्यांनो, पिशाच्चांनो, दोन शब्द सुटे-सुटे उभे. फ्रेंचमध्ये त्या जागी एक लांब संबोधन आलं आणि तो सुटेपणा गेला. पुढच्या शतकातला फ्रेंच संगीतकार बर्लिओझ या फरकावर भयंकर चिडला होता आणि माझ्या मते बरोबर चिडला होता. फ्रेंच गाणार असाल तरी एकदा इटालियन शब्दांवर म्हणून बघा, हल्ला कुठे करायचा ते कळेल.

आता ‘सद्गुणी’ या तुमच्या शब्दाकडे येतो, कारण इथे तुमचं थोडं खरं आहे आणि दोष ग्लूकपेक्षा संहिताकारांचा आहे. युरिपिडीसचं ‘आल्सेस्टिस’ इसवी सन पूर्व ४३८ चं. त्या दिवशीच्या चार नाटकांत ते शेवटचं होतं, जिथे एरवी सॅटर-नाटकाची थट्टामस्करी असायची. त्यामुळे त्याचा सूरच आंबटगोड आहे. तिथे राजाला माहीत असतं की बायको आपल्यासाठी मरते आहे, आणि तो ते चालवून घेतो. वर म्हाताऱ्या बापाशी भांडतो की तुम्ही का नाही मेलात. बाप त्याला सुनावतो: तुला उजेड बघायला आवडतो, मग बापाला आवडत नसेल असं वाटतं का तुला? हेराक्लिस सुतकाच्या घरात दारू पिऊन धुमाकूळ घालतो, मग लाजून मृत्यूशी झुंजतो आणि तिला परत आणतो. आणि परत आलेली आल्सेस्टिस एक शब्द बोलत नाही. बुरखा घेतलेली, गप्प. नाटक संपतं.

काल्झाबिजीने यातलं सगळं टोचणारं काढून टाकलं. ऑपेरातल्या आद्मेतला काही ठाऊक नसतं. कळताच तो आकांत करतो आणि मरायला निघतो. नवरा-बायको चढाओढीने उदात्त होतात. सासऱ्याचं भांडण नाही, दारू नाही, शेवटचं मौन नाही. हेराक्लिस तर व्हिएन्नाच्या आवृत्तीत नव्हताच. तो पॅरिसमध्ये तिसऱ्या अंकात घुसवला, आणि तो अंक आजही दिग्दर्शकांची डोकेदुखी आहे. दरबाराला राजा भित्रा दाखवून चालणार नव्हतं, हे उघड आहे. पण राजा निर्दोष झाला की राणीचा त्याग हवेत तरंगायला लागतो. म्हणून मी गायिकेला मूळ ग्रीक नाटक अनुवादात वाचायला लावतो. गाताना तिला माहीत असायला हवं की या गोष्टीच्या तळाशी एक कुरूप सौदा आहे. संहितेने तो पुसला तरी पहिल्या अंकाच्या संगीतात त्याचा वास राहिला आहे.

‘इफिजेनी आं ओलिद’वर (औलिसमधली इफिजेनी) मी फार रेंगाळणार नाही. १९ एप्रिल १७७४, पॅरिस. संहिता द्यु रुलेची, फ्रेंच नाटककार रासीनच्या नाटकावरून. पाठीशी मारी आंत्वानेत, जिला व्हिएन्नात लहानपणी ग्लूकनेच संगीत शिकवलं होतं. वारा सुटावा म्हणून बाप मुलीचा बळी द्यायला निघतो ती गोष्ट. ॲरिस्टॉटलची युरिपिडीसवर एक तक्रार होती: आधी जिवाची भीक मागणारी इफिजिनिया आणि नंतर स्वखुशीने मरायला निघणारी इफिजिनिया एकच बाई वाटत नाही. ऑपेराने ही तक्रार मिटवली, तिला आधीपासूनच आज्ञाधारक करून. तर्क जुळला, नाट्य गेलं. कारण ती विसंगती हीच तर त्या मुलीची गोष्ट होती. मग उरलेली सगळी आग आईच्या आणि बापाच्या वाट्याला येते. अगामेम्नॉन स्वतःशी झगडताना म्हणतो की निसर्गाची आर्त हाक माझ्या काळजात ऐकू येते, आणि ओबो, म्हणजे सनईच्या जातीचं वाद्य, ती हाक खरोखर देतो, पुन:पुन्हा, खाली तंतुवाद्यांच्या जड सुरांवर. क्लितेम्नेस्त्राने ज्युपिटरला वीज पाडायला सांगावी ती आरिया तर खोली हादरवते. पण खुद्द इफिजेनी? गोड आहे. सोफी आर्नूने ती पहिल्यांदा केली. अभिनयासाठी नावाजलेली बाई होती, तिने काहीतरी जीव ओतला असणार. तुमची ‘सद्गुणी’ ही तक्रार या एका भूमिकेपुरती मी बिनशर्त मान्य करतो.

आणि मग ‘इफिजेनी आं तोरिद’. १८ मे १७७९. ग्लूक चौसष्ट वर्षांचा. संहिताकार गीयार, नवखा. जवळपास सहा आठवडे आधी, ६ एप्रिलला, वायमारमध्ये जर्मन कवी गटेच्या गद्य ‘इफिजेनी’ नाटकाचा पहिला प्रयोग झाला होता, एकाच वसंतात दोन वेगळ्या दरबारी गावांना हीच बाई हवी झाली. या ऑपेरात प्रेमप्रकरण नाही. मुख्य गाठ बहीण-भावाची, दुसरी दोन मित्रांची. त्या काळच्या पॅरिसमध्ये हे धाडस होतं.

पार्श्वभूमी दोन वाक्यांत: औलिसला बळी जाता जाता डायना देवीने इफिजेनीला उचलून तोरिदच्या रानटी किनाऱ्यावर आणून ठेवलंय, आणि तिथे आलेल्या प्रत्येक परक्या माणसाचा बळी देणं हे पुजारीण म्हणून तिचं काम आहे. दोन ग्रीक तरुण पकडून आणले जातात. त्यातला एक तिचा भाऊ ओरेस्त, आईचा खून करून आलेला, पण दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.

पडदा उघडतो तो वेगळ्या ओव्हर्चरशिवाय, म्हणजे सुरुवातीच्या स्वतंत्र वाद्यसंगीताशिवाय. थोडं शांत, मिन्युएटसारखं संगीत, मग वादळ, आणि वादळाच्या ऐन मध्यावर इफिजेनी ओरडत येते, देवांनो, सांभाळा. नायिकेचा पहिला प्रवेश आणि स्वागताला वाद्यांचा एक तुकडाही नाही. गायिकेला गळा तापवायला जागा नाही. मग वादळ ओसरतं आणि ती म्हणते: शांतता परत आली, पण माझ्या काळजात अजून वादळ राहतं आहे.

ही ओळ अधोरेखित करून ठेवा. कारण दुसऱ्या अंकात ओरेस्त, मित्राला ओढून नेल्यावर एकटा, खचून म्हणतो: माझ्या काळजात शांतता परत येते आहे. आणि त्या वेळी ऑर्केस्ट्रात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा खालच्या सुराची तंतुवाद्यं, एका अस्वस्थ, अडखळत्या लयीत झटके देत राहतात, थांबतच नाहीत. तालमीत कुणीतरी विचारलं, तो शांत झालाय ना, मग हे काय? ग्लूक म्हणाला म्हणतात: तो खोटं बोलतोय, त्याने आईला मारलंय. मी पहिल्यांदा हा ऑपेरा बसवत होतो तेव्हा पियानोवर मी ते झटके अगदी मऊ वाजवत होतो, शब्द शांततेचे आहेत म्हणून. कंडक्टरने थांबवून विचारलं, ‘तुमचा त्याच्यावर विश्वास बसला वाटतं?’ कान लाल झाले. त्या दिवसापासून मी ग्लूकमध्ये शब्दांआधी व्हायोला वाचतो.

आता भाऊ आणि बहीण शेजारी ठेवून बघा. बाहेर शांत झालं तरी आत वादळ आहे असं ती सरळ कबूल करते. आत वादळ असताना शांत झालोय असं तो सांगतो. दोघांना एकच रक्त, एकच शाप, एकच रूपक. फरक इतकाच की ती स्वतःशी खोटं बोलत नाही. तुम्ही जिला सद्गुणी म्हणता तिचा उदात्तपणा मला इथे दिसतो. यात आज्ञाधारकपणा कुठेही नाही. हातात सुरी असलेली, रोज माणसं मारायला भाग पडलेली ही बाई आहे. आदल्या रात्री तिला स्वप्न पडलंय: बाप रक्तबंबाळ होऊन पळतोय, मागे आई, आई तिच्या हातात तलवार देऊन नाहीशी होते, मग भाऊ हाक मारतो, ती धावते, आणि कुठलीशी शक्ती तिच्याच हाताने ती तलवार त्याच्या छातीत घुसवते. हे ती पुजारिणींना सांगते, कुठलीही तान न घेता, बोलल्यासारखं. या बाईत गायचं काय, असं तुम्ही विचारता!

दुसऱ्या अंकाच्या शेवटी तिला कळतं की आई, बाप मेले, आणि ओरेस्तच्या थापेमुळे भाऊही मेला असं ती समजते. तेव्हाची आरिया ‘ओ मालरझ इफिजेनी’. ती ‘जी मेजर’ या, सहसा आनंदी मानल्या जाणाऱ्या, स्वरमेळात आहे. सगळं घर संपल्याचं दुःख, आणि मेजर! वर ओबोची लांब ओढलेली चाल, खाली तंतुवाद्यांचा अडखळता श्वास, आणि ती पुजारिणींना म्हणते, तुमचा राजा गेला, माझे आईबाप गेले, मग त्यांचा कोरस तिच्यात मिसळतो. रडू आवरलेला आवाज मेजरमध्येच असतो, हे ग्लूकला कळलं होतं.

गंमत म्हणजे ही चाल नवी नाही. १७५२ साली नेपल्सला, मेतास्तासिओच्याच ‘क्लेमेन्झा दि तितो’साठी, ग्लूकने ती रचली होती. चौथ्या अंकातली ‘ज तँप्लोर ए ज त्रांब्ल’सुद्धा १७५६ च्या ‘आंतिगोनो’तून उचललेली आहे आणि तिच्या मुळाशी बाखच्या पहिल्या पार्टिटातली, म्हणजे नृत्यमालिकेतली, जिग नावाची नाचाची चाल आहे. म्हणजे सुधारकाने आपली सर्वांत उदात्त नायिका अंशतः जुन्या, न सुधारलेल्या मालातून बांधली. मला यात ढोंग दिसत नाही. चाल तीच ठेवून तिची जागा बदलली, कोरस दिला, टाळीची वाट बंद केली, आणि चालीचा अर्थ बदलला. ज्यांना सुधारणा म्हणजे नवे स्वर असं वाटतं त्यांनी या एका आरियावर महिनाभर बसावं.

ओळख पटण्याचा प्रसंग तर बघाच. युरिपिडीसकडे तो पत्रातून होतो. पत्र हरवलं तर निरोप पोचावा म्हणून ती मजकूर तोंडी सांगते आणि भाऊ उडतो. ॲरिस्टॉटलने त्याची वाहवा केली आहे. ऑपेरात पत्र आहे, पण ओळख पटते ती वेदीपाशी. ती सुरी उचलते, आणि मरणारा पुटपुटतो, औलिसला तूही अशीच गेलीस, इफिजेनी, बहिणी. त्यावर द्वंद्वगीत नाही, आरिया नाही. दोन-तीन हाका, आणि झालं. इतकं थोडक्यात उरकायला छाती लागते. दोन वर्षांनी, २३ जानेवारी १७८१ ला, ग्लूकचा प्रतिस्पर्धी पिच्चिनी याची याच विषयावरची ‘इफिजेनी’ आली. तिच्या दुसऱ्या प्रयोगाला नायिका लागेर तर्र होऊन उभी राहिली आणि सोफी आर्नूने ‘ही तोरिदमधली नाही, शॅम्पेनमधली इफिजेनी’ असा शेरा मारला, ही गोष्ट पॅरिसने चवीने चघळली. पिच्चिनी चांगला संगीतकार होता, बिचाऱ्याचं नशीब.

आता गळ्याकडे. ग्लूकच्या पहिल्या नायिका कोण होत्या हे लक्षात घ्या. व्हिएन्नाची पहिली आल्चेस्ते आन्तोनिया बेर्नास्कोनी विनोदी ऑपेराच्या मंडळींतली होती. कास्ट्राटोशिवाय, म्हणजे लहानपणीच खच्ची केलेल्या उंच आवाजाच्या पुरुष गायकाशिवाय, गंभीर ऑपेरा होऊ शकतो याचंच झोनेनफेल्स या टीकाकाराला केवढं आश्चर्य वाटलं होतं. पॅरिसमध्ये आल्सेस्त, आर्मिद (ग्लूकचीच आणखी एक नायिका) आणि तोरिदची इफिजेनी या तिन्ही रोझाली लेव्हासरने पहिल्यांदा केल्या. या बायका आधी नट्या होत्या, मग गायिका. म्हणून रेसिटेटिव्ह हे दोन आरियांमधलं भरताड समजू नका. भूमिका तिथे आहे. मी पहिले दोन आठवडे गायिकेला आरियाला हात लावू देत नाही. रेसिटेटिव्ह आधी नुसतं बोलायचं, मग लयीत बोलायचं, मग गायचं. फ्रेंच शब्दांच्या शेवटचा मूक ‘अ’ जड झाला की वाक्य मरतं, तो फुंकरीइतकाच हवा.

लय मरू देऊ नका. ‘उदात्त’ म्हटलं की मुली संथ गायला लागतात, संगमरवरी पुतळ्यासारख्या. ग्लूकनेच लिहून ठेवलंय की ऑर्फेओच्या प्रसिद्ध विलापात भावाचा जरासा फेरफार झाला तरी त्याचा कळसूत्री बाहुल्यांचा नाच होईल. उलटंही खरं आहे: लय जरा ओढली की प्रेतयात्रा होते. आणि पट्टी बघून घ्या. त्या काळची पॅरिसची पट्टी आजच्यापेक्षा बरीच खाली होती, म्हणून आजच्या पट्टीत इफिजेनी सतत वरच्या अडचणीच्या पट्ट्यात अडकते आणि मेहनत ऐकू येते. जुन्या वाद्यांच्या मंडळींबरोबर खालच्या पट्टीत हीच भूमिका गायिलीत तर शब्द मोकळे होतात. मेझो, म्हणजे थोड्या खालच्या, आवाजाच्या गायिकाही ती सहज घेतात. स्वतःच्या हरकती घालायच्या का, हे नेहमी विचारलं जातं. एखादी लहानशी मुरकी चालेल, पण ती तुम्हाला सुचली आहे असं ऐकू येता कामा नये.

ऐकायचं तर गायिका मारिया कॅलासची मिलानच्या ला स्काला ऑपेराघरातली १९५४ ची ‘आल्चेस्ते’ आणि १९५७ ची ‘इफिजेनिया’ मिळतात, दोन्ही इटालियनमध्ये, ध्वनी खरखरीत. शैली म्हणून आज कुणी असं गाणार नाही. पण शब्द तिच्या आधी कुणीच म्हटला नव्हता असं वाटतं, तेवढ्यासाठी ऐका.

पहिली आरिया म्हणाल तर ‘दिव्हिनिते’ नको. ती आवाज पक्का झाल्यावर, पाच-सात वर्षांनी. ‘ओ मालरझ’ दिसते सोपी पण तिचा श्वास फार लांब आहे. ‘नों, स ने प्वँ अं साक्रिफिस’ घ्या, आधीच्या रेसिटेटिव्हसकट, आणि मुलं आठवतात त्या जागेला आल्यावर खरोखर थांबा. तुमचा साथीदार तिथे घाईने पुढच्या ठोक्यावर जाईल. जाऊ देऊ नका, त्याला तुमची वाट बघायला लावा.